भांडं टाकण्याआधी कापून बघा

हातकाम करणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी उत्तरांसाठी माझ्याकडे आली आहेत. मी २६ वर्षं मातीकाम करते आहे. विणकाम किंवा वहीबांधणीतले बारकावे मला ठाऊक नाहीत, तिथे मी माझ्या मातीवरूनच बोलेन. जागा कमी असल्यामुळे पत्रं थोडक्यात दिली आहेत.

ताई, दोन वर्षं झाली, चाकावर काम शिकते आहे. हात बऱ्यापैकी बसलाय. पण सकाळी माती मळून समोर ठेवली की काय करावं तेच सुचत नाही. इतरांची कामं बघितली की वाटतं, सगळं करून झालंय, माझ्यासाठी काही उरलेलंच नाही. तुम्हाला रोज कसं सुचतं?
– मातीकाम शिकणारी वाचक, वय २३

मला रोज सुचत नाही, आणि सुचेल म्हणून मी वाट बघत बसतही नाही. माझी सकाळ तराजूपाशी सुरू होते. अर्ध्या-अर्ध्या किलोचे दहा गोळे तोलायचे, मळायचे, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे आणि दहाही गोळ्यांचे सरळ उभे पेले काढायचे. उंची एकच, रुंदी एकच. पहिले दोन-तीन हाताला जाग येण्यातच जातात. चौथ्या-पाचव्यापासून माती कळायला लागते. आज ती जरा ओली आहे, आज बोटांखाली लवकर ढिली पडतेय. सातव्या-आठव्यापर्यंत मी मोजायचं विसरलेली असते. दहावा झाला की त्यातला एक उचलते आणि तारेने काठापासून बुडापर्यंत उभा कापते.

हे कापणं तू रोज कर. सुरुवातीला जिवावर येतं. नेमका चांगला जमलेला पेलाच कापावासा वाटत नाही, म्हणून तोच काप. कापलेली कड गुळगुळीत, ओलसर चमकणारी असते आणि तुझा हात कसा चालला ते सगळं तिच्यात दिसतं. बुडाशी किती माती राहिली, भिंत कुठे पातळ झाली, काठाशी येऊन पुन्हा का जाड झाली, वर ओढताना कुठल्या उंचीला तुझा हात अडखळला. बाहेरून बघून यातलं काहीही कळत नाही.

आता माझंच सांगते. शिकत होते तेव्हा चार-पाच वर्षं माझ्या प्रत्येक पेल्याला बुडापासून दोन बोटं वर मातीचं एक जाड कडं राहायचं. शिकवणारे म्हणायचे, “माती खाली ठेवू नकोस, वर घे.” मी जिवाचा आटापिटा केला. कोपर मांडीला टेकवून पाहिलं, चाकाचा वेग कमी केला, पाणी कमी वापरलं. कडं काही जाईना. एका दुपारी असाच एक पेला कापला. खालची भिंत माझ्या करंगळीएवढी जाड, काठ मात्र छान पातळ. अर्धा तुकडा डाव्या हातात होता, तार उजव्या हातात तशीच होती. त्या जाड भागावर मी ती बाहेरून एकदा तिरकी ओढली. मातीचा एक सपाट काप सुटून पडला. आतली गोलाई जशीच्या तशी, आणि बाहेर एक सपाट, धारदार पैलू. त्याच्या शेजारी दुसरा काढला. मग तिसरा.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाड भिंतीचे पेले काढले, थोडे ओढून घेतले आणि बाहेरून पैलू पाडले. भाजल्यावर त्यांना लोहाची काळी झिलई, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा थर होणारा लेप, दिली. ही झिलई वितळताना धारेवरून खाली सरकते. जिथे ती पातळ होते तिथे गंजासारखा तांबूस रंग येतो, जिथे साचते तिथे काळी राहते. भट्टीतून पेला बाहेर काढला तेव्हा प्रत्येक पैलूच्या धारेवर एक तांबूस रेघ उमटलेली होती. मी तो पेला उजेडात धरून किती वेळ फिरवत होते, आठवत नाही.

पैलू पाडणं हा काही माझा शोध नाही. जगभरचे कुंभार ते करत आलेत. पण मला ते माझ्याच हाताच्या न सुटणाऱ्या खोडीतून मिळालं, म्हणून माझ्यापाशी टिकलं. कुणाचं बघून उचललं असतं तर दोन महिन्यांत सुटलं असतं. याआधी दोन-तीन गोष्टी तशा सुटलेल्या आहेत.

इतरांची कामं जरूर बघ, पण सकाळी चाकावर बसण्याआधी नको. भाजून, झिलई चढवून, चांगल्या उजेडात फोटो काढलेलं भांडं आणि तुझ्या पुढ्यातला ओला गोळा यांची बरोबरीच होऊ शकत नाही. त्या फोटोमागचा कापून बादलीत टाकलेला माल तुला दिसत नाही. माझ्याकडे तशा दोन बादल्या कायम भरलेल्या असतात. ती माती भिजवून, सुकवून, मळून पुन्हा चाकावर येते. न भाजलेली माती कधी वाया जात नाही, हे मनात असलं की कापताना हात आखडत नाही.

तर दहा पेले, त्यातला एक कापायचा आणि जे दिसलं ते वहीत एका ओळीत लिहायचं. तीन महिने हे कर. ‘काय करू’ हा प्रश्न तोपर्यंत बराच बदललेला असेल.

मला लाकूडकाम शिकायचं होतं. घरच्यांनी, शिकवणाऱ्यांनी, सगळ्यांनी मिळून विणकामाकडे वळवलं. आता हातमागावर सात वर्षं झाली. काम चांगलं होतं, पण हे माझं नाही, असं आत कुठेतरी सलत राहतं.
– हातमागावर काम करणारी वाचक

तुमचं पत्र वाचल्यावर लगेच ॲनी अल्बर्स आठवल्या. त्या १९२२ साली जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. त्यांना काचेच्या कार्यशाळेत जायचं होतं, पण मुलींना तिथे विणकामाकडे पाठवलं जायचं आणि त्यांच्याही वाट्याला तेच आलं. धागा त्यांना सुरुवातीला फार मवाळ वाटायचा. १९३० साली पदविकेसाठी त्यांनी बेर्नाउ इथल्या एका शाळेच्या सभागृहाच्या भिंतीसाठी कापड विणलं. त्याची एक बाजू आवाज शोषून घ्यायची आणि दुसरी, सेलोफेन म्हणजे काचेसारखा पारदर्शक पातळ कागद विणलेली बाजू प्रकाश परतवायची. पुढे १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं एकटीचं प्रदर्शन भरलं. विणकाम करणाऱ्या कलाकाराचं तिथलं ते पहिलंच.

मला यातलं सेलोफेन महत्त्वाचं वाटतं. काच हवी असलेल्या बाईने धाग्यातून उजेड परतवला. मनातली जुनी इच्छा त्यांनी मागावर चढवली. तुम्हाला लाकडातलं नेमकं काय हवं होतं? त्याचा कठीणपणा, रेषा, जोड, की वास? हे एकदा स्वतःला नीट विचारा. लाकडाला रेषा असतात तशा ताण्यालाही असतात, आणि जोड तर विणीत प्रत्येक घरात आहे. सुताराचे सांधे बघा आणि त्यांचे नकाशे ग्राफ कागदावर उतरवून बघा. आणि जमलं तर आठवड्यातून एक संध्याकाळ लाकूडकाम शिकायलाही जा. सात वर्षं विणल्यावर तेवढी मुभा स्वतःला द्यायला काय हरकत आहे!

मी वह्या बांधतो. एकाच मापाच्या ऑर्डरी येतात. महिनोन् महिने तीच शिवण, तेच पुठ्ठे. मन लावून सुरू केलेल्या कामात आता नुसत्या पाट्या टाकतोय असं वाटतं. ऑर्डरी बंद कराव्यात का?
– वहीबांधणी करणारा वाचक

ऑर्डरी बंद करू नका, निदान या कारणासाठी तरी नको.

लूसी री या कुंभारणीबद्दल सांगते. त्या १९०२ साली व्हिएन्नात जन्मल्या आणि १९३८ साली देश सोडून लंडनला आल्या. युद्धाच्या वर्षांत पोटासाठी त्यांनी काय केलं असेल, तर बटणं. कपडे शिवणाऱ्यांसाठी मातीची बटणं, साच्यातून काढलेली, हजारोंनी. कापडाच्या तुकड्याला जुळेल असा रंग बटणावर यायला हवा असे. म्हणजे नव्या कापडाबरोबर नवी झिलई, नवी चाचणी, नवी नोंद. पुढे त्यांच्या वाडग्यांवर जे फिके गुलाबी, पिवळे, पांढरे रंग आले त्यांच्या मागे ही बटणांवर केलेली मेहनत आहे. त्यांची भांडी प्रत्यक्ष बघाल तेव्हा काठ बघा. इतका पातळ असतो की हात लावायला धजत नाही.

मी स्वतः दर भट्टीत एक फळी मोकळी ठेवते. बाकीच्या सगळ्या फळ्यांवर ऑर्डरीचा माल, पण ती एक माझी. तिच्यावर मागणी नसलेली, बिघडण्याची भीती असलेली वस्तूच जाते. फळी रिकामी जात असली तरी ऑर्डरीचा पेला तिथे चढवायचा नाही, हा नियम मी स्वतःला लावून घेतलाय. तो मोडला की पुढचे दोन महिने काम जड जातं, हा माझा अनुभव आहे.

तुमच्याकडे भट्टी नाही, पण दर वीस वह्यांमागे एक वही तुमची असू शकते. माप तेच, कागद तोच, पुठ्ठाही तोच. बदलायची फक्त शिवण, किंवा फक्त पाठ. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. ती वही विकू नका. शेल्फवर ओळीने लावत जा. आठ-दहा झाल्या की त्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. पुढचं काम त्यांतली एखादी तुम्हाला दाखवेल.

काम संपल्यावर खोली झाडते तेव्हा हटकून खोकला येतो. एवढं होतंच, असं सगळे म्हणतात. होतं का?
– मातीकाम करणारी वाचक

नाही होत, आणि झाडणं आजपासून बंद करा. हे मी फार कळकळीने लिहिते आहे.

सुक्या मातीत आणि झिलईच्या पावडरीत सिलिका असते. तिचे सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि केरसुणीने उडाले की तासन् तास हवेत तरंगत राहतात. ते फुप्फुसात खोल जाऊन बसले तर सिलिकोसिस होऊ शकतो. फुप्फुसाची त्यातली हानी भरून येत नाही. जमीन ओल्या पोच्यानेच पुसायची, टेबल ओल्या स्पंजने. सुकं भांडं पॉलिश पेपरने घासायचं नाही; ते अर्धवट ओलं असतानाच ओल्या स्पंजने साफ करायचं. पावडरी मिसळताना एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, चेहऱ्याला घट्ट बसणारा. कामाचा एप्रन घरात आणायचा नाही आणि झटकायचा तर मुळीच नाही, सरळ पाण्यात. खोकला आहेच, तर डॉक्टरांना दाखवा आणि तुम्ही मातीत काम करता हे त्यांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

एका ज्येष्ठ कलाकाराचं भरतकाम बघून बघून मी शिकले. आता माझं काम हुबेहूब त्यांच्यासारखं दिसतं. मैत्रिणी कौतुक करतात, मला मात्र चोरी केल्यासारखं वाटतं.
– भरतकाम करणारी वाचक

बघून शिकण्यात चोरी नाही. हाताचं कुठलंही काम आजवर असंच पुढे आलंय. त्यांचा नमुना आपला म्हणून विकायला ठेवलात तर मात्र ती चोरी होईल. तोवर, कुणी विचारलं की त्यांचं नाव मोकळेपणाने घ्या. शक्य असेल तर त्यांना कामं नेऊन दाखवा.

सारखेपणा जाण्यासाठी मुद्दाम वेगळं करायला जाऊ नका, ते ओढूनताणून आणलेलं लगेच दिसतं. वर लूसी री यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांच्याकडे १९४६ साली हान्स कोपर नावाचा तरुण बटणांच्या कामाला आला. त्याआधी त्याने मातीला हातही लावलेला नव्हता. पुढे दहाहून अधिक वर्षं दोघांनी एकाच जागेत काम केलं. तरी आज दोघांची भांडी शेजारी ठेवली तर गल्लत होणार नाही. त्यांची नाजूक, काठाला उमलणारी. त्याची चाकावर काढलेले वेगवेगळे भाग जोडून उभी केलेली, खरखरीत, जमिनीतून उकरून काढल्यासारखी.

तुम्ही एक करून बघा. त्या ज्येष्ठ बाईंचा जो टाका तुम्हाला सगळ्यात अवघड जातो, तो सहा महिने वापरूच नका. जे सहज येतं त्यावरच काम चालवा. अडचण तिथे येईलच, आणि त्यातून बाहेर पडायला तुमच्यापुढे त्यांचा नमुना नसेल.

ताई, पहिल्यांदाच स्वतःची भट्टी लावली. महिन्याभराचं काम होतं. चौदातली नऊ भांडी तडकली. त्या दिवसापासून चाकाला हात लावलेला नाही. हे आपल्याच्याने होणार नाही असं वाटतं.
– मातीकाम करणारा वाचक

तुमचं पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण त्यावर सावकाश लिहायचं होतं. नऊ भांडी म्हणजे काय, ते मला माहीत आहे. एकदा मी घाईने भट्टी नीट थंड होण्याआधीच झाकण उचललं. आत हाताच्या दीड वितीएवढं एक पसरट तबक होतं, तीन आठवडे हळूहळू सुकवलेलं. गार हवा आत गेली आणि टण्ण असा एकच आवाज आला. पुढचे चार दिवस मीही चाकाकडे फिरकले नाही. तेव्हा तुम्ही थांबलात, यात काही गैर नाही.

पण ती भांडी टाकली नसतील अशी आशा करते. टाकली नसतील तर खिडकीपाशी बसा आणि एकेक तडा निरखून बघा. तडा कधी गेला आणि का गेला, हे तो स्वतः सांगतो.

आधी कडा बघा. तड्याच्या कडांवर झिलई गोलसर वळलेली असेल, तर झिलई वितळण्याआधीच भांडं फुटलेलं होतं, म्हणजे सुकताना किंवा तापताना. कडा काचेसारख्या धारदार असतील आणि तडा झिलईलाही कापत गेला असेल, तर तो थंड होताना गेलाय. बोट फिरवून बघू नका, कापेल.

मग जागा बघा. बुडात मधोमध इंग्रजी एस अक्षरासारखी नागमोडी रेघ असेल, तर चाकावर बूड नीट दाबलं गेलं नाही, किंवा आत पाणी साचून राहिलं. पुढच्या वेळी भिंत उचलण्याआधी बूड बाहेरून मध्याकडे दोन-तीनदा दाबून घ्या आणि शेवटी तळाचं पाणी स्पंजने टिपून घ्या. काठापासून खाली उतरणारा तडा बहुतेक सुकतानाचा असतो. काठ आधी सुकून आकसतो, बूड ओलंच राहतं आणि काठाला ओढ बसते. भांडी उलटी करून, प्लॅस्टिकने सैल झाकून सुकवा. कानाच्या जोडापाशी तडा असेल तर कान आणि भांडं जोडताना एकसारखी ओली नव्हती.

धारदार कडांचे तडे निघाले, तर भट्टीच्या वेगाकडे बघावं लागेल. मातीत क्वार्ट्झ असतं. ५७३ अंश सेल्सिअसला ते तापताना एकदम फुगतं आणि थंड होताना त्याच ठिकाणी एकदम आकसतं. मोठं किंवा जाड-पातळ भांडं असेल आणि भट्टी त्या टप्प्यातून भरभर गेली, तर एक बाजू आकसलेली आणि दुसरी अजून नाही, अशी ओढाताण होते. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा ५०० ते ६५० अंशांमध्ये भट्टी हळू न्या. झाकण १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका. त्या तबकानंतर मी काटा बघूनही वर अर्धा तास थांबते.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड नावाचा कुंभार होता. १७७०च्या दशकात जॅस्पर नावाची माती साधायला त्याने हजारो चाचण्या केल्या. प्रत्येक लहानशा तुकड्यावर नंबर घातला आणि त्या नंबराची नोंद वहीत केली. त्या तुकड्यांनी भरलेले ट्रे अजून संग्रहालयात आहेत. तुमचे नऊ तुकडेही तसेच ठेवा. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलने नंबर घाला आणि वहीत त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहा: भिंत किती जाड होती, किती दिवस सुकलं, भट्टीत कुठल्या फळीवर होतं. सगळी एकाच फळीवरची निघाली तर दोष तुमच्या हाताचा नाही, त्या जागेच्या आचेचा आहे. माझ्या जुन्या भट्टीत खालच्या फळीचा डावा कोपरा असाच होता. पुढे तिथे मी फक्त लहान वाट्या ठेवायचे.

आणि ती पाच चांगली भांडी, त्यांच्याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. ती कुठल्या फळीवर होती, किती दिवस सुकली होती? पुढच्या पत्रात त्यांचेही नंबर पाठवा, आणि नऊ तड्यांचे जवळून काढलेले फोटो. कडा गोल आहेत की धारदार, तेवढं प्रत्येकापुढे लिहा. आपण एकेक करून बघू.